सरकार बाजूला झाल्यावर: वाचकांचे प्रश्न

किमान सरकार, खुला बाजार आणि आपल्या मालमत्तेवर आपला पूर्ण हक्क, या लिबर्टेरियन विचाराबद्दल बरीच पत्रे आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरे.

प्रश्न: सरकारने पोलीस, न्यायालये आणि संरक्षण एवढेच पाहावे, बाकी सारे लोकांवर सोडावे, हा विचार मला पटतो. पण असा देश कुठे दिसत नाही. हे कधी प्रत्यक्षात येईल का, की वाचण्यापुरतेच आहे? (एक वाचक, लातूर)

हा विचार जसाच्या तसा राबवणारा देश नाही, आणि आमच्या मते पुढेही होणार नाही. त्याचे तुकडे मात्र प्रत्यक्षात आले आहेत. काही इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांच्यासाठी कधी भांडावे लागले होते हेही लोक विसरले. 1972 पासून सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रात कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदी योजनेतच घालावा लागे. खासगी व्यापाऱ्याला विकणे हा गुन्हा होता. खुल्या खरेदीची मागणी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लावून धरली. आज यवतमाळचा शेतकरी खासगी जिनिंगवर गाडी नेतो, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही.

उलट बाजूही बघा. या विचाराचे लोक हाँगकाँगचे नाव हमखास घेतात. 1961 ते 1971 या काळात जॉन काउपरथ्वेट तिथले वित्त सचिव होते. कर कमी, बंदर खुले, उद्योगाला ना अनुदान ना अडवणूक, हे त्यांचे धोरण खरेच होते. पण तिथली जवळजवळ सगळी जमीन सरकारची. ती मुदतीच्या पट्ट्याने देऊन सरकार पैसा उभा करी, म्हणून कर कमी ठेवणे जमले. आणि आजही जवळपास निम्मे लोक सरकारी वसाहतींत राहतात. म्हणजे व्यापाराचा तुकडा मिळाला, जमिनीचा मिळालाच नाही.

म्हणून ‘हे शक्य आहे का?’ असे सरसकट विचारू नका. कोणता नियम काढायचा ते आधी ठरवा आणि तो निघाल्यावर तिथे कोण उभे राहणार ते विचारा. माप कोण करणार, पैशाची हमी कोण देणार, भांडण झाले तर निकाल किती दिवसांत लागणार? यांची उत्तरे तयार असतील तर तो तुकडा टिकतो. नसतील तर दोन-चार वर्षांत लोकच सरकारला हाक मारून परत आणतात.

प्रश्न: अर्जेंटिनात राष्ट्राध्यक्ष मिलेई यांनी जे केले त्याचे इथे खूप कौतुक वाचतो. खरोखर यशस्वी झालेले उदाहरण कोणते मानावे? (एक वाचक, पुणे)

अर्जेंटिनाचा निकाल लागायला वेळ आहे. न्यूझीलंडचा लागून गेला आहे. म्हणून आधी न्यूझीलंड.

1984 च्या जुलैमध्ये तिथे मजूर पक्षाचे सरकार आले. डेव्हिड लाँगी पंतप्रधान, रॉजर डग्लस अर्थमंत्री. तेव्हा तिथल्या शेती उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा सरकारी मदतीतून येत होता. किमान भावाची हमी, खतावर अनुदान, स्वस्त कर्ज, सगळे होते. त्यामुळे देशात मेंढ्या झाल्या सात कोटी, आणि हमीभावात घेतलेल्या मटणाला गिऱ्हाईक मिळेना. नव्या सरकारने काही महिन्यांत हे जवळजवळ सगळे बंद केले. दहा टक्के शेतकरी, म्हणजे आठ हजार कुटुंबे, देशोधडीला लागतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात शेती सोडावी लागली ती सुमारे एक टक्क्याला. मेंढ्या आज तीन कोटींच्याही खाली आहेत. त्या जागी दुधाचा धंदा, हरीणपालन आणि द्राक्षबागा वाढल्या. अख्खे गोठवलेले धड निर्यात करण्याऐवजी कापून, वेष्टनात भरून मटण विकायला त्या लोकांनी सुरुवात केली. शेतीची सरकारी मदत आता उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास आहे, आणि ती परत मागणारा पक्ष तिथे उभा राहिलेला नाही.

हे टिकले कशाने? पहिले कारण म्हणजे शेतकऱ्यांना एकट्याला भादरले गेले नाही. आयात शुल्के, सरकारी कंपन्या, बँकांवरची बंधने या सगळ्यांनाच हात घातला गेला. दुसरे कारण कर्जाचे. अनुदान जाताच जमिनीचे भाव कोसळले आणि तारणापेक्षा कर्ज मोठे झाले. सरकारच्या मालकीच्या रुरल बँकेने अशा शेतकऱ्यांचे कर्ज अंशतः सोडले, आणि ज्यांना बाहेरच पडायचे होते त्यांना एकरकमी मदत दिली. कट्टर लिबर्टेरियन माणसाला हे खपणार नाही, पण ही तडजोड नसती तर पुढचे काही झाले नसते.

चुकले ते क्रमात. चलन 1985 च्या मार्चमध्ये खुले सोडले, ते वधारले, आणि निर्यातीचे पैसे नेमके पडत्या काळात कमी झाले. व्याजदर 20 टक्क्यांच्या आसपास गेले. अनुदाने आधी गेली, पण अवजारे आणि यंत्रांवरचे आयात शुल्क हळूहळू उतरले. म्हणजे माल खुल्या बाजाराच्या भावाने विकायचा आणि अवजार बंद बाजाराच्या भावाने घ्यायचे. 1986 मध्ये शेतकऱ्यांनी वेलिंग्टनला संसदेवर मोर्चा नेला तो याच रागातून. हे सरकार 1987 ला निवडून आले, 1990 ला पडले. आणि सुधारणा आपल्याला न विचारता लादल्या गेल्या या भावनेतून 1993 च्या सार्वमतात मतदारांनी निवडणुकीची पद्धतच बदलली. एका पक्षाला एकट्याच्या बळावर असा झपाटा लावता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू होता.

आता अर्जेंटिना. डिसेंबर 2023 मध्ये महागाई एका महिन्यात 25.5 टक्के होती. 2024 अखेर वर्षाची 117.8 टक्के, 2025 अखेर 31.5 टक्के. सरकारी तूट मिटवली, हे मोठे काम आहे. त्याच काळात दारिद्र्य 2024 च्या पहिल्या सहामाहीत 52.9 टक्क्यांवर गेले आणि मग उतरले. पण मध्यवर्ती बँक बंद करण्याचे निवडणुकीतले वचन बाजूला पडले. एप्रिल 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 20 अब्ज डॉलरचा नवा करार घ्यावा लागला. सोयाबीनवरचा निर्यात कर 33 टक्क्यांवरून 2025 अखेर 24 वर आला, शून्यावर नाही, कारण तिजोरीला तो पैसा लागतो. इथेही तुकडाच हाती आला आहे, आणि तो राहतो की जातो हे पुढच्या सरकारांच्या काळात कळेल.

प्रश्न: मी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला राहतो. इथे समविचारी लोकांनी एकत्र येऊन राहायचे आणि स्थानिक सत्ता हाती घ्यायची, अशी चळवळ आहे. देश बदलण्यापेक्षा हा मार्ग सोपा नाही का? (एक वाचक, नॅशुआ)

फ्री स्टेट प्रोजेक्ट 2001 मध्ये सुरू झाला. वीस हजार लोकांनी एकाच छोट्या राज्यात राहायला जायचे, ही कल्पना. 2003 मध्ये तुमचे राज्य निवडले गेले आणि वीस हजार सह्या 2016 मध्ये पूर्ण झाल्या. सही करणारे सगळे आले नाहीत, तरी जे आले त्यांनी विधानसभेत जागा मिळवल्या. आम्ही ही चळवळ हसण्यावारी नेत नाही. लोकांना पटवून कायदे बदलण्याचे काम त्यांनी केले आहे.

पण तुमच्याच राज्यातल्या क्रॉयडन गावाचे उदाहरण नीट वाचा. वस्ती साधारण आठशे. मार्च 2022 च्या गावसभेला, बर्फाच्या दिवसांत, मोजकी माणसे आली. शाळेचा खर्च 17 लाख डॉलर ठरला होता. या चळवळीतल्या एकाने उठून तो 8 लाखांवर आणण्याची दुरुस्ती मांडली, आणि 20 विरुद्ध 14 मतांनी ती मंजूर झाली. प्रत्येक मुलामागे दहा हजार डॉलर. अडचण अशी की गावात फक्त लहान मुलांची शाळा आहे. मोठी मुले शेजारच्या शाळांत जातात आणि त्यांची फी गाव भरते. ती फी दहा हजारांच्या बरीच वर. म्हणजे एकतर पालकांनी फरक भरायचा किंवा स्वस्त खासगी पर्याय शोधायचा, आणि तोही सप्टेंबरच्या आत.

निर्णय फिरवायचा तर निम्म्याहून अधिक मतदार, म्हणजे किमान 283, सभेला हजर हवे होते. गावकरी महिनाभर दारोदार फिरले. 7 मे रोजी 379 जण आले आणि 377 विरुद्ध 2 मतांनी जुना खर्च परत मंजूर झाला. खर्च कमी व्हावा असे मानणारेही त्या 377 मध्ये नक्कीच असतील. त्यांना राग आला तो रीतीचा: सूचना नाही, पर्यायी शाळेचा बंदोबस्त नाही, मुदत नाही. हाच प्रस्ताव वर्षभर आधी जाहीर करून, पर्यायी शाळांशी करार करून, दरवर्षी थोडा थोडा आणला असता तर निदान काही भाग टिकला असता, असे आम्हाला वाटते. रिकाम्या सभागृहात जिंकलेला ठराव भरलेल्या सभागृहात टिकत नाही.

प्रश्न: 2016 पासून कांदा बाजार समितीच्या बाहेर विकायला मोकळीक आहे म्हणतात. तरी आमच्या भागातले सगळे लासलगाव, पिंपळगावच्या लिलावालाच जातात. मग या स्वातंत्र्याचा उपयोग काय? बाहेर विकायचे तर कसे विकावे? (एक वाचक, चांदवड)

जुलै 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाला, कांदा-बटाट्यासह, बाजार समितीच्या नियमनातून काढला. आडत, म्हणजे दलाली, हीही शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. त्यावर व्यापाऱ्यांनी खरेदी बंद ठेवली होती, ते आठवत असेल. कायद्याने दार उघडले यात शंका नाही. तरी माणसे लिलावाला जातात, आणि ती अडाणी आहेत म्हणून नाही. आवारात तीन गोष्टी मिळतात: दहा-वीस खरेदीदार एकाच गाडीवर बोली लावतात, काटा समितीच्या देखरेखीत होतो, आणि खरेदीदाराकडे परवाना असतो. पैसे बुडवले तर त्याचा परवाना अडकतो आणि समितीच्या सचिवाला धरता येते. खळ्यावर यातले काहीच नसते. भाव दोनशे रुपयांनी जास्त सांगणारा माणूस तिसऱ्या गाडीनंतर फोन उचलेनासा होतो, आणि तोवर कांदाचाळ रिकामी झालेली असते.

2020 च्या केंद्रीय कृषी कायद्यांची गोम इथेच होती. आवाराबाहेर खरेदी करायला व्यापाऱ्याकडे पॅन कार्ड असले की पुरे. पैसे त्याच दिवशी किंवा तीन कामाच्या दिवसांत द्यावेत असे लिहिले होते, पण अनामत नाही, बँक हमी नाही, आणि वाद प्रांताधिकाऱ्यापुढे. दिवाणी न्यायालयाचे दार बंद. आम्ही खुल्या विक्रीच्या बाजूचे आहोत आणि तरीही सांगतो, करार मोडणाऱ्याला न्यायालयात खेचण्याचा हक्क काढून घेणारा कायदा खुल्या बाजाराचा कायदा म्हणवू शकत नाही. 2021 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि वर्षअखेर कायदे मागे घेतले गेले.

आता बाहेर विकायचे तर असे करा. पहिल्या वेळी एकच गाडी द्या, सगळी चाळ नाही. सौदाचिठ्ठी कागदावर करा: प्रत (मोठा, मध्यम, गोलटी), अंदाजे क्विंटल, भाव, बारदान कोणाचे, हमाली कोणाची, आणि घट किती धरणार. घट न लिहिल्यास दीडशे क्विंटलच्या गाडीत तीन-चार क्विंटल ‘मातेरे’ म्हणून सहज कापले जातात. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी एकाच वजनकाट्यावर, तुमच्या समोर. दोन्ही पावत्यांचा फोटो. खरेदीदाराचा पॅन आणि जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. नोंदणी रद्द झालेली असेल तर तिथे दिसते. पैसे आरटीजीएसने, आणि तुमच्या खात्यावर जमा झाल्याचे बँकेकडून कळल्यावरच गाडी हलू द्या. समोरच्याने मोबाईलवर दाखवलेला फोटो म्हणजे पैसे नव्हेत.

चेक घ्यावाच लागला तर मुदती पाठ ठेवा. चेक न वटल्याची बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस. तरी पैसे नाही आले तर पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली फिर्याद. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षे. शेतकरी पहिली मुदतच चुकवतात, कारण व्यापारी ‘पुढच्या सोमवारी टाका’ म्हणत महिना काढतो.

एकट्याला हे झेपत नसेल तर दहा शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढता येते. एकत्र माल असला की खरेदीदार आगाऊ रक्कम द्यायला तयार होतो. पण एक गोष्ट कोणत्याही सौदाचिठ्ठीने सुटत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली ती टनाला किमान 550 डॉलर दराच्या अटीसह, आणि शुल्क पूर्ण गेले एप्रिल 2025 ला. गावात विकायची मोकळीक आणि बंदरावर कुलूप, अशी स्थिती असेल तर खरेदीदाराने पुढच्या महिन्याचा भाव लिहून द्यावा तरी कसा? बाजारस्वातंत्र्याची मागणी करायची तर आमच्या मते पहिली मागणी हीच हवी.

प्रश्न: आमची पागडीची इमारत आहे. अर्जेंटिनासारखा भाडे कायदा एका फटक्यात रद्द करता येणार नाही का? (एक वाचक, गिरगाव)

अर्जेंटिनातला कायदा 2020 चा होता, म्हणजे रद्द झाला तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांचा. मुंबईतली भाडी 1947 च्या कायद्याने 1940 च्या पातळीला बांधली गेली. इतक्या काळात भाडेकरूने लाखो रुपये पागडी मोजून जागा घेतलेली असते आणि 1999 च्या कायद्याने ती पागडी वैधही केली. कायदा एका रात्रीत काढला तर ते पैसे बुडाले, अशी तक्रार रास्तच ठरेल. मालकाचाही अन्याय तितकाच खरा: वर्षाला 4 टक्के वाढ, आणि तीही मुळातल्या कवडीमोल भाड्यावर. 1997 च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातली गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली होती, तरी गाठ सुटली नाही.

सुटले ते बाजूने. 1999 च्या कायद्यातच लिव्ह अँड लायसन्सचा मार्ग आहे, आणि आज मुंबई-पुण्यातली बहुतेक नवी घरे याच रस्त्याने भाड्याने जातात. भाडे दोघांच्या मर्जीचे. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर वादात राहणाऱ्याने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट भाडे लागू होते. लोक निर्धास्तपणे घर देतात ते या दोन ओळींमुळे.

तुमच्या इमारतीपुरते सांगायचे तर पुनर्विकासाचा करार हाच व्यवहार्य मार्ग. आणि नोव्हेंबर 2024 चा नऊ न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल वकिलाकडून समजून घ्या. मुंबईच्या मालकांच्याच याचिकेवरचा आहे. मासिक भाड्याच्या शंभरपट रकमेत जुन्या इमारती ताब्यात घेण्याच्या तरतुदीवरून तो वाद सुरू झाला होता. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती धरता येत नाही, असे बहुमताने ठरले.

प्रश्न: या विचाराचा पक्ष आम्ही काही तरुण काढू पाहतो. नोंदणीला समाजवादाची शपथ लागते हे खरे का? (एक वाचक, कोल्हापूर)

खरे आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 29अ प्रमाणे पक्षाच्या घटनेत राज्यघटनेवर आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा असल्याचे लिहावे लागते. ही अट 1989 पासून आहे. खुल्या बाजाराची बाजू घेणारा ‘स्वतंत्र पक्ष’ 1959 मध्ये निघाला तेव्हा ती नव्हती. राजाजी, रंगा, मिनू मसानी यांच्या त्या पक्षाने 1967 मध्ये लोकसभेच्या 44 जागा जिंकल्या आणि तो सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. 1971 मध्ये त्याच्या 8 जागा उरल्या, 1974 मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला. संस्थानिक, जमीनदार आणि उद्योगपती यांच्या आधारावर उभा असलेला पक्ष, हा शिक्का त्याला पुसता आला नाही. शरद जोशी राज्यसभेत असताना त्यांनी ही समाजवादाची अट काढण्यासाठी खासगी विधेयक मांडले होते. ते मंजूर झाले नाही.

ज्यावर विश्वास नाही त्याची निष्ठा लिहून द्यायला लावणे हा मतस्वातंत्र्याचा भंग आहे, असे आमचे ठाम मत आहे. पण नोंदणी हवी असेल तर आज ते वाक्य घालावेच लागेल. स्थापनेपासून 30 दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज, 10,000 रुपये शुल्क, मतदार असलेल्या किमान 100 सदस्यांची यादी आणि प्रतिज्ञापत्रे, पक्षाची छापील घटना, आणि नंतर दोन राष्ट्रीय व दोन स्थानिक दैनिकांत जाहीर सूचना. अर्ज अडकतात ते बहुधा घटनेतल्या पक्षांतर्गत निवडणुकीच्या कलमावर: कोणते पद किती वर्षांनी, कोणत्या मतदारांतून भरणार हे स्पष्ट लिहा. नोंदणीशिवायही तुमच्यातला कोणीही अपक्ष म्हणून उभा राहू शकतो, आणि कोल्हापुरात सुरुवात करायची तर दोन साखर कारखान्यांमधल्या 25 किलोमीटरच्या हवाई अंतराची अट हा एकच मुद्दा घेऊन बाजार समितीची निवडणूक लढवा. ऊस कोणाला घालायचा हा प्रश्न तिथल्या प्रत्येक घरात आहे.